कडू भुकटी

४ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार-चमत्कार राहू दे. तू माझा फोन उचलत नाहीस. रविवारी मी सहा तास बसमध्ये बसून आले, तर दाराची साखळीसुद्धा न काढता फटीतून म्हणालीस, "धाकटे, तू मला मेलीस." मेलेल्या माणसाने पत्र लिहू नये असा काही नियम माझ्या ऐकिवात नाही, म्हणून लिहितेय.

आधी तुझ्या रागाचं बोलू. गोटी वर्षभर आमच्या औषध-चाचणीत होती. वर्ष संपलं, चाचणी संपली आणि मी कॅप्सूल देणं बंद केलं. तू म्हणालीस, डबेच्या डबे कपाटात पडलेत आणि सख्ख्या भाचीला मूठभर देववत नाहीत. ताई, ते डबे माझ्या घरचे नाहीत. उरलेली एकेक कॅप्सूल मोजून, पेटी सील करून परत पाठवावी लागते. मी हेच सांगत होते, तेवढ्यात तू "दूध उतू चाललंय" म्हणून आत निघून गेलीस. दूधबीध काही नव्हतं. मला कळतं.

काल भावोजींचा ऑफिसातून फोन आला. त्यांना ओरडू नकोस, बिचारे दबक्या आवाजात बोलत होते. म्हणाले, तू दुकानातून चाचणीतलं तेच अँटिबायोटिक आणून गोटीला देतेयस. ते एक वेळ चालेल. जुनं औषध आहे, मुरुमांवर वर्षानुवर्षं देतात. फार तर पोट बिघडेल, उन्हात कातडी लाल होईल. पण ते पुढे म्हणाले की तिच्या नेहमीच्या गोळ्या तू बंद केल्यास, त्यांनी ती सुस्तावते आणि हात थरथरतात म्हणून.

ताई, हे करू नकोस. कॅप्सूल नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला होती, त्यांच्या जागी नव्हती. मोठ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी तुम्हा सगळ्या आयांना समोर बसवून सांगितलं होतं: अशा आजारात मेंदूत बारीकशी सूज असावी असा अंदाज आहे, हे जुनं औषध ती उतरवतं का, ते बघायचंय. तू त्यातला अंदाज तेवढा वगळलास आणि बाकीचं घरी नेलंस.

दोन वर्षांपूर्वीचं आठव. गोटी कवळ्या बनवायच्या कारखान्यातून आली आणि म्हणाली, साच्यातले दात माझ्याशी बोलतात. आपण हसलो. मग म्हणाली, माझ्या जेवणात कुणीतरी काहीतरी घालतंय, आणि अकरा दिवस जेवली नाही. किडन्या बंद पडत आल्या होत्या. दवाखान्यातले डॉक्टर तुझ्यासमोर म्हणाले होते, पुन्हा असं झालं तर आम्ही खात्री देत नाही. मी तिथेच होते, तू माझा दंड धरला होतास.

गोटीला वर्षभर खरं औषध मिळालं की तुलनेसाठी निम्म्या जणांना देतात ते नुसतं पीठ, हे मला माहीत नाही. ते कुणालाच कळू देत नाहीत. ती माझी भाची आहे हे मी आधीच सांगून टाकलं होतं, म्हणून तिच्या बाटल्या माझी जोडीदारीण, ती चष्मेवाली फार्मासिस्ट, भरायची. मी हातसुद्धा लावला नाही.

गोळ्या आजपासून सुरू कर. माझ्याशी बोलू नकोस हवं तर.

तुझी,
धाकटी


१९ फेब्रुवारी

ताई,

माझं पत्र तू न फोडता रद्दीत टाकलंस म्हणे. अक्षर ओळखलंस ना. तूच पट्टीने मारून वळवलेलं अक्षर आहे, ओळखणारच.

भावोजींनी परवा पुन्हा फोन केला आणि तेही जरा आनंदात होते. गोटीचे हात थरथरायचे थांबले. कारखान्यात परत जायला लागली. सुळ्याची घडण तिच्यासारखी कुणाला जमत नाही असं मालक म्हणाला. अंग हलकं झालं, विनोद करते. तुला वाटत असेल, बघ, मी म्हणत होते की नाही. ताई, गोळ्या थांबल्या की सुरुवातीचे आठवडे असेच जातात. माणूस उजळतो. मी हे इतक्या जणांचं पाहिलंय की भावोजी हसले तशी मी खुर्चीत बसले.

तू वाचत नाहीस, तरी आज जरा मागचं बोलते. आमच्या मजल्यावरची ती वाट बघायची खोली आठवते? हिरवट भिंती, समोरासमोर दोन बाक, पाण्याची टाकी नेहमी रिकामी. कुणी सुरू केलं देव जाणे, पण दुसऱ्या महिन्यापर्यंत तुम्ही सगळ्या आयांनी कॅप्सूल उघडून आतली भुकटी जिभेवर ठेवून पाहिली होती. कडू ती खरी, बेचव ती खोटी. आम्ही इकडे यादी कुलपात ठेवतोय, क्रमांकांमागे नावं लपवतोय, आणि तुम्ही स्वयंपाकघरात उभ्या राहून सगळा निकाल लावून मोकळ्या. पुढे तर बाकसुद्धा वाटून घेतलेत. कडूवाल्या खिडकीकडे, बेचववाल्या दाराकडे. खिडकीकडच्या मोठ्याने बोलायच्या. तू दाराकडे बसायचीस, पर्स मांडीवर उभी धरून.

मग एकदा तू माझ्या खोलीत येऊन रडलीस. "सख्खी बहीण इथे बसलीय आणि माझ्या पोरीच्या वाट्याला पीठ?" मी तुला पाणी दिलं. नियम सांगितले. नियम सांगताना माझा मलाच राग येत होता.

पुढच्या महिन्याची बाटली कडू निघाली. तू आलीस, दार लावून घेतलंस आणि माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणालीस, "कडू आहे. मी कुणाला सांगणार नाही, जीव गेला तरी." मी हात सोडवून घेतला नाही. काही बोललेही नाही. मी बाटली बदलली असं माझ्या तोंडून कधीही निघालेलं नाही, हे तूही कबूल करशील.

मला आणखीही लिहायचं होतं, पण आज होत नाही. गोळ्यांचं बघ.

धाकटी


११ मार्च

ताई,

पाकीट बघून फसलीस ना? छापील पत्ता, चाचणीचा शिक्का. माझं अक्षर दिसलं की रद्दी, म्हणून ऑफिसचं पाकीट चोरलं. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. उभी असशील तर बस.

भावोजी म्हणाले, गोटी आठवडाभर फक्त सालीच्या वस्तू खातेय. केळं, संत्रं, उकडलेलं अंडं. अंडं स्वतः उकडते, आधी साबणाने धुते. तू शेजारच्या बाईला सांगितलंस की पोरगी फिगर सांभाळतेय. ताई, तुला कळलंय. तू मूर्ख नाहीस. हे तेच आहे.

दोन पत्रं मी ताकाला जाऊन भांडं लपवलं. आता लपवत नाही.

एक. मला माहीत आहे गोटीला काय मिळत होतं. गेल्या वर्षी एप्रिलच्या नऊ तारखेला चष्मेवाली रजेवर होती आणि यादीच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. मी कपाट उघडलं आणि गोटीचा क्रमांक शोधला. ज्या यादीची राखण करायची, तीच वाचली. कुंपणानेच शेत खाल्लं. गोटी पिठाच्या गटात होती. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत पिठाच्याच गटात.

दोन. कडवटपणा मी घातला. तू रडून गेलीस त्याच आठवड्यात मी बैठकीत सांगितलं की आया चव घेऊन ओळखतात, तेव्हा पिठाच्या कॅप्सूलमध्येही कडू भुकटी मिसळावी, म्हणजे सगळ्यांची चव सारखी होईल. मुलांनी बोटं चोखू नयेत म्हणून नखांना लावतात, तीच. काही अपाय नाही तिचा. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. त्यांनी तुम्हा आयांच्या वेळाही वेगवेगळ्या केल्या, त्यामुळे सगळ्यांच्याच बाटल्या कडू झाल्यात हे तुम्हाला एकमेकींकडून कळलं नाही. ताई, चाचणी बिघडू नये हे कारण खरंच होतं. पण मी बोलले ते त्यासाठी नाही. तुला दाराकडच्या बाकावर बसलेलं मला बघवत नव्हतं.

तीन. तू माझा हात धरलास तेव्हा तुला काय वाटलंय ते मला त्याच क्षणी कळलं होतं. आपल्या बहिणीने आपल्यासाठी नियम मोडला. आयुष्यात पहिल्यांदा तू माझ्याकडे अशी बघत होतीस. मला ते हवं होतं. म्हणून गप्प बसले.

मग गोटी बरी कशाने झाली? नेहमीच्या गोळ्यांनी. त्याआधी ती गोळी गालात धरून बाहेर जाऊन थुंकायची, आठवतं? कॅप्सूल कडू लागली आणि तू रोज सकाळी तिच्यासमोर उभी राहायला लागलीस, ती गिळून तोंड उघडून दाखवेपर्यंत. कॅप्सूलबरोबर गोळीही पोटात जायला लागली. आता तीच गोळी तू थांबवलीस आणि वर्षभर तिला कधी न मिळालेल्या औषधावर तिला ठेवलंस. हे माझ्यामुळे झालं.

भावोजींना फोनवर सांगता आलं असतं. दोनदा तोंडाशी आलं. पण ते विचारणार, तुला कसं माहीत, आणि मग माझ्या नोकरीपर्यंत जाणार. नोकरीसाठी मी एक महिना घालवला. हे पत्र तू कुणालाही दाखव, मोठ्या डॉक्टरांनाही. फक्त आज तिला गोळी दे. तिच्या डॉक्टरांना आजच फोन कर. मला लाख शिव्या दे, पण आधी तिला गोळी दे.

धाकटी


१६ मार्च

प्रिय मावशी,

पत्र मिळालं. पाकिटावर 'सहभागी आणि पालक' असं छापलंय. सहभागी मी आहे, म्हणून मी फोडलं. चाचणीची पत्रं नेहमी मीच फोडते. आई भाजी आणायला गेली होती.

वाचून मला रडू आलं, पण बरं वाटून. दोन वर्षं मी सांगतेय की माझ्यात काहीतरी घालतात. आई म्हणायची मनाचे खेळ. डॉक्टर मान हलवून वहीत लिहून घ्यायचे. बाबा टीव्हीचा आवाज वाढवायचे. दातांनी मला केव्हाच सांगितलं होतं, पण दातांचं कोण ऐकतं? आणि तू स्वतःच्या हाताने लिहून दिलंस. भुकटी घातली, कडू होती, बैठकीत ठरलं, यादी कुलपात होती, तारीख नऊ एप्रिल.

माझा तुझ्यावर राग नाही. कबूल झालेली तू एकटीच आहेस.

सालीच्या वस्तूही आता बंद केल्यात. सालीतून सुई जाते, हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. पाण्याचं अजून ठरत नाहीये. नळाचं पाणी टाकीतून येतं आणि टाकीला झाकण आहे, म्हणजे ते कुणीतरी उघडू शकतं.

तुझं पत्र आईला दाखवलेलं नाही. कारखान्यात वरच्या दाढांच्या खोक्यात ठेवलंय, तिथे कुणी हात घालत नाही.

तुझी,
गोटी

ता.क. नोकरीची काळजी करू नकोस. मी तुझ्या बाजूने साक्ष देईन.


३ एप्रिल

ताई,

हे पत्र भावोजींच्या हाती देतेय. वॉर्डाच्या दाराबाहेर तू दहा पावलांवर बसलेली असतेस आणि मी तुला पत्र लिहितेय. पण तोंडाने मला हे सांगता येणार नाही.

गोटीचं पत्र मला चार दिवसांनी मिळालं. मी ते वाचता वाचताच भावोजींना फोन लावला. ते म्हणाले, ती काल चक्कर येऊन पडली, दवाखान्यात आहे, तू तिच्याजवळ आहेस. दोन दिवस पाण्याचा थेंब घेतला नव्हता. मी नेसत्या कपड्यांनी बस पकडली. येण्याआधी मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर एक कागद ठेवून आले, त्यात सगळं लिहिलं होतं. त्यांनी मला काढलं. ते बरोबरच होतं. चाचणीचे आकडे त्यानंतर उघडले. चष्मेवालीने फोन करून सांगितलं, तिने सांगायला नको होतं. गोटीचे आणि आणखी काहींचे आकडे माझ्यामुळे वगळावे लागले. उरलेल्यांत खऱ्या औषधाचा गट आणि पिठाचा गट सारखेच निघाले. म्हणजे मी खरोखर बाटली बदलली असती तरी गोटीला काही मिळालं नसतं. हे मी दिवसातून दहा वेळा स्वतःला सांगते. त्याचा काही उपयोग होत नाही.

मी आले तेव्हा तिने दोनदा सलाइनची सुई उपटली होती आणि हात बांधायचं चाललं होतं. तू पलंगापाशी पेला घेऊन उभी होतीस, "एक घोट, माझं सोनं," असं म्हणत. ती तोंड मिटून तुझ्याकडे बघत होती. मग मला बघून म्हणाली, "मावशी, तू सांग. यात काय आहे?"

नर्सने डोळ्यांनी खुणावलं की नुसतं पाणी म्हणा. मी म्हटलं, "पाणी, साखर, चिमूटभर मीठ. आणि तुझी नेहमीची गोळी विरघळवलीय. म्हणून जरा कडू लागेल." नर्सने कपाळाला हात लावला. गोटीने पेला घेतला, वास घेतला आणि अर्धा प्यायली.

तेव्हापासून तेरा दिवस हेच चाललंय. प्रत्येक पेला, प्रत्येक वाटी माझ्या हातून. ती विचारते, मी सांगते. वरणातलं मीठसुद्धा सांगते. एकदा नर्सने मला न सांगता जीवनसत्त्वाचे थेंब घातले, मी "काही नाही" म्हटलं आणि मग तिला पेल्याच्या कडेला पिवळं दिसलं. ती दीड दिवस काही प्यायली नाही. तेव्हा मला समजलं की माझ्या बोलण्यावर किती टांगलंय. खोटं बोलायची सोय आता मला उरलेली नाही.

परवा भावोजींनी कारखान्यातून ते खोकं आणलं आणि तू माझं पत्र वाचलंस. कॉरिडॉरमध्ये माझ्याजवळून जाताना एवढंच म्हणालीस, "आपलेच दात, आपलेच ओठ." तू किंचाळली असतीस तर मला सोसलं असतं.

आता कालचं. दुपारचा पेला तिने हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही. मग शांतपणे विचारलं, "मावशी, माझ्या गोळ्या मध्ये कुणी थांबवल्या होत्या? मी नाही थांबवल्या."

दाराच्या काचेमागे तू उभी होतीस. तुला ऐकू येत नव्हतं, पण मला तू दिसत होतीस, तो निळा स्वेटर उलटा घातला होतास. मला वाटलं, डॉक्टरांनी थांबवल्या म्हणावं. पण माझ्या पत्रात तिने ते वाचलंच असणार, आणि वर ती डॉक्टरांनाही विचारते. ती सगळ्यांना एकच प्रश्न वेगवेगळ्या दिवशी विचारते आणि उत्तरं जुळवते. तिने पकडलं असतं, आज नाही तर परवा, आणि मग तिने माझ्या हातचंही घेतलं नसतं. तिच्या तपासणीचा कागद सकाळीच आला होता. डॉक्टर म्हणाले होते, अजून आठवडाभर सलग प्यायली तर किडन्या वाचतील.

मी म्हटलं, "आईने."

पुढचंही सांगितलं, ताई. आईने तुझ्या भल्यासाठी केलं, मी तिला फसवलं म्हणून केलं, चूक माझी. सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं. तिने मान हलवली, जशी ती डॉक्टरांच्या बोलण्यावर हलवते. मग पेला शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पूर्ण. पेला मला परत दिला आणि म्हणाली, "आता त्या बाईला बाहेर ठेव."

आज तू आलीस तेव्हा काचेवर कागद होता. नर्सने लावला असं भावोजींनी तुला सांगितलं, मी त्यांना तसं सांगायला लावलं होतं. ते खरं नाही. गोटीने सांगितलं आणि मी लावला, चारही कडांना चिकटपट्टी मारून. तू पलीकडून कागदावर हात ठेवलास, त्याची सावली मला आतून दिसली. मी दार उघडलं नाही. ती तेव्हा खात होती.

तिच्या डॉक्टरांना वाटतं, गोळीचा असर व्हायला दोन-तीन महिने जातील, मग ती कदाचित तुला आत येऊ देईल. ते कदाचित म्हणाले. मी त्यांच्या शब्दात माझ्याकडचं काही मिसळत नाही.

ती काय खाते ते मी रोज लिहून भावोजींकडे देईन. तू दारापाशी बसू नकोस, तिथे वाऱ्याचा झोत येतो. आज सकाळी तिने अर्धी वाटी सूप घेतलं, पावाचे दोन तुकडे आणि एक उकडलेला बटाटा. बटाटा मी तिच्यासमोर सोलला.

धाकटी